रॉटरडॅममध्ये रांगेतलं घर घेताय? आधी पाया बघा

रॉटरडॅमच्या दक्षिण भागात, आफ्रिकांडरवाइकसारख्या वस्तीत जुनं रांगेतलं घर बघताना चकचकीत किचन आणि जवळचा बुधवार-शनिवारचा बाजार बघून लगेच भुलू नका (भेंडी-कोथिंबीर मिळते, हे खरं!). दुसऱ्या महायुद्धापूर्वीची बरीच घरं जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. भूजल खाली गेलं की खांबांची डोकी उघडी पडून कुजतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग किंवा आपोआप उघडणारं दार दिसलं, तर पायाचा अहवाल मागाच. शेजाऱ्यांशीही बोला: भिंती सामाईक, त्यामुळे दुरुस्ती बहुधा सगळ्यांनी मिळूनच करावी लागते. करारात पायाच्या तपासणीची अट घालून घ्या. सहीनंतर माघारीला ३ दिवस मिळतात खरे, पण तेवढ्यात तपासणी उरकणं अवघडच.