जन्मठेप लागली असेल तर पहिल्याच वर्षी अभ्यासाला बसा

हे वाचणारे बहुतेक भिंतीबाहेरचे असणार, कारण आत मोबाइल नसतो. मुलगा, नवरा किंवा भाऊ नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगतोय आणि मुलाकातीत त्याला काय सांगावं ते सुचत नाही, अशा घरांसाठी मी लिहितोय. मी तिथेच जन्मठेप भोगली, तिथूनच मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली. आता सातपूरला एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो.

आधी चौदा वर्षांचं बोलू. बराकीत नवा माणूस आला की कोणीतरी त्याला धीर देतं, ‘चौदा भर, सुटशील.’ तसं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणातच स्पष्ट केलं आहे. खुनासारख्या, म्हणजे फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडताच येत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. चौदा वर्षं भरली की आपल्या नावाचा विचार होऊ शकतो, इतकंच. खटला चालू असताना कच्च्या कैदेत काढलेले दिवस या चौदात धरतात, माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल आणि कामाबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, धरत नाहीत. माफी कामाला येते ती पुढे. राज्याच्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे प्रवर्ग आहेत, कोणी किती वर्षं काढायची ते त्यात ठरलेलं आहे, आणि ती वर्षं माफी धरून मोजतात. आपला माणूस कोणत्या प्रवर्गात बसतो ते वकिलाला आत्ताच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न बघत नाहीत.

हे आधी सांगितलं कारण चौदाच्या भरवशावर बसलेला माणूस नुसते दिवस मोजतो. दहा-बारा वर्षं अशी गेली की फाईलमध्ये त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरत नाही. मग सुटकेचा प्रस्ताव निघतो तेव्हा अधीक्षकांचा अहवाल जातो, पोलिसांचा जातो, शिक्षा दिलेल्या न्यायालयाचं मत मागवतात. हा पुन्हा गुन्हा करेल का, याला आत ठेवून आता काही साधणार आहे का, याच्या घरची परिस्थिती काय, हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात घालून दिले आहेत. त्यांची उत्तरं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तुमच्या माणसाला कधी पाहिलेलंही नसतं. त्यांच्यापुढे असतात ते वर्षावर्षांचे कागद.

म्हणून अभ्यास पहिल्या वर्षापासून. आपल्याकडे तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्येच आहे, आणि त्याचं अभ्यासकेंद्र कारागृहात चालतं. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचाही पर्याय आहे, ते बंद्यांकडून शुल्क घेत नाहीत. विषय असे घ्या की नुसत्या पुस्तकावर निभावेल: इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी. मी इतिहास घेतला.

वेळ आत भरपूर असतो असं बाहेरच्यांना वाटतं. दिवसभर काम, गिनती, जेवणाची रांग, पाण्याची रांग, आणि संध्याकाळी बराक बंद झाली की टीव्ही आणि भांडणं. पण बराकीतला दिवा रात्रभर जळत असतो. सगळे आडवे झाले की मी घोंगडीची घडी मांडीवर ठेवून तिच्यावर पुस्तक धरायचो, पाठ भिंतीला. पहिले काही महिने एक पान वाचलं तरी डोक्यात राहायचं नाही, कारण डोक्यात केसच फिरत असायची. तेव्हा वाचलेला उतारा वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढायला लागलो. त्याने मन जागेवर यायला लागलं. तुमच्या माणसाला हेच सांगा: नुसतं वाचू नको, लिही.

आणि शिकवायलाही सांगा. माझ्या शेजारी पेठ तालुक्यातले एक बाबा असायचे, आयुष्यभर अंगठा लावलेले. त्यांना नाव गिरवायला शिकवलं. फर्लोच्या, म्हणजे ठरावीक दिवस घरी जायच्या रजेच्या अर्जावर त्यांनी पहिल्यांदा सही केली तेव्हा पेन इतकं दाबलं की कागद फाटला, दुसरा अर्ज आणावा लागला. माझ्या पदवीपेक्षा मला त्या सहीचा आनंद जास्त झाला होता.

पदवीने नोकरी मिळेल या आशेवर मात्र राहू नका. मला काम मिळालं ते कारागृहाच्या कारखाना विभागात मालाची आवक-जावक लिहायला शिकलो म्हणून. सुतारकाम, शिवणकाम, शाडूचे गणपती, जे हाताला येईल ते मनापासून शिकावं. पदवीचा उपयोग वेगळा झाला: अधिकाऱ्यासमोर, मालकासमोर, पोराच्या शिक्षकासमोर मी मान वर करून पूर्ण वाक्य बोलू शकतो.

फर्लो किंवा पॅरोल (घरच्या अडचणीसाठी मिळणारी रजा) मिळाला की ठरलेल्या दिवशी गेटवर हजर राहायचं. घरात लग्न असो, दुखणं असो. मुदत वाढवून हवी असेल तर आधी अर्ज करायचा. उशीर झाला की कमावलेली माफी कापली जाते, आणि पैठणच्या खुल्या कारागृहासाठी, जिथे कमी पहाऱ्यात राहून काम करता येतं, निवड करताना हेच सगळं बघतात.

एक गोष्ट कोणी शिकवत नाही. आपल्या हातून ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांचं देणं कुठल्याही प्रमाणपत्राने फिटत नाही. सुटकेच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला तर तो त्यांचा हक्क आहे, आपल्या माणसाने आणि आपण घरच्यांनीही तो मानला पाहिजे. त्यांच्या दारात तडजोडीसाठी कोणाला पाठवू नका.

आता घरच्यांचं काम. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश साधारण पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. त्याआधी गावच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका काढून ठेवा. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधीच मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते तपासा. सगळ्याच्या प्रती काढून एक संच घरी ठेवा, दुसरा कारागृहाच्या शिक्षकांकडे पोहोचवा.