नेट स्लो आहे? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

नेट रखडलं की आपण दोनच गोष्टी करतो: राउटर बंद-चालू, नाहीतर मोठा प्लॅन. पहिल्याने कधीकधी काम होतं. दुसऱ्याने बरेचदा नुसतं बिल वाढतं, कारण घोडं अडलेलं असतं राउटर आणि कॉम्प्युटरच्या मध्येच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाय-फायवर स्पीड टेस्ट घेऊन लाइनला नावं ठेवणं. आधी कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडा आणि मग टेस्ट घ्या. तिथे पूर्ण स्पीड मिळाला तर लाइन ठीक आहे, दुखणं वाय-फायचं. आणि 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल उतरताना 12च्या आसपास आकडा दिसला तर चिडू नका. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि 8 बिटांचा एक बाइट.

केबल लावली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. माझा प्लॅन 300चा, पण केबलवर स्पीड 94च्या वर जाईना. महिनाभर कस्टमर केअरशी भांडलो. शेवटी सहज नेटवर्क सेटिंगमधला लिंक स्पीड (कॉम्प्युटर आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग) पाहिला, तर तिथे 1000 ऐवजी 100. टेबलाखाली वाकून पाहिलं: खुर्चीचं चाक रोज त्याच जागी केबलवरून जात होतं. आत आठ तारा असतात. गिगाबिटला, म्हणजे 1000च्या वेगाला, आठही लागतात, 100ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की बरीच नेटवर्क कार्डं तक्रार न करता मुकाट 100वर उतरतात. नेट चालूच राहतं, म्हणून केबलवर संशयही येत नाही. केबल बदलली, दोन मिनिटांत प्रश्न मिटला. (भांडणाबद्दल माफी मात्र मागितली नाही.) नवी घेताना केबलवर कॅट 5ई किंवा कॅट 6 छापलंय का बघा. टोकाच्या प्लगची क्लिप तुटली असेल तर तो सैल बसतो आणि नेट येत-जात राहतं.

वाय-फायमध्ये घोळ होतो तो बँडचा, म्हणजे ते कोणत्या रेडिओ लहरींवर चालतं त्याचा. 2.4 गिगाहर्ट्‌झ लांब पोचतो, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांची गर्दी तिथेच. चॅनल (या बँडमधला कप्पा) 1, 6 किंवा 11 यांपैकीच निवडा. मधले घेतले तर दोन्ही बाजूंचा त्रास. 5 गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. एकाच खोलीत बसून कॉम्प्युटर 2.4वर अडकलेला असणं फार नेहमीचं. आणखी एक, सहसा कुणाच्या लक्षात न येणारं: यूएसबी 3ची हार्ड डिस्क वाय-फाय डोंगलला (यूएसबीत खोचायच्या वाय-फायच्या कांडीला) खेटून लावली तर तिचा गोंगाट 2.4च्या सिग्नलवर पडतो. डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरने लांब न्या.

रिपीटर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल घेऊन पुढे पोचवणारा डबा, जिथे सिग्नल पोचत नाही तिथे लावू नका. त्यालाच मिळत नाही, तो पुढे काय देणार? राउटरपासून निम्म्या वाटेवर लावा, जिथे सिग्नल अजून धड आहे.

फोनवरून नेट घेणार असाल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोन वायरने कॉम्प्युटरला जोडून नेट घ्या. मधलं वाय-फाय गळतं आणि फोन चार्जही होत राहतो. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ (डेटा मोजका आहे असं सांगणारं) करायला विसरलात, तर अपडेट तुमचा डेटा गिळून टाकतील.

सॅटेलाइट कनेक्शन घेताना नुसता स्पीड बघू नका. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, 35,786 किलोमीटरवर असतो. विनंती वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो, मग स्पीड कितीही असो. व्हिडिओ कॉलवर माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात ती यामुळे. साधारण 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांना हा त्रास फारच कमी.

नेट पूर्ण बंद पडलं तर सेटिंगमध्ये चाचपडण्याआधी दोन खुणा बघा. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो) 169.254ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. केबल, वाय-फाय किंवा राउटर तपासा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) लाल दिवा लागला असेल, तर त्यात प्रकाशच येत नाहीये. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे करकचून वाकली आहे का ते पाहा, नसेल तर सरळ कंपनीला फोन लावा.