इमो रॅप मिक्सटेप स्वतःच काढताय? मग आधी सॅम्पलचं बघा

इमो रॅप म्हणजे रॅपचे बीट, खाली रॉकसारखी उदास गिटार आणि वर मनातलं दुःख. त्यातला अमेरिकन गायक लिल पीप, त्याची 'हेलबॉय' ही मिक्सटेप (अल्बमसारखाच गाण्यांचा संच) सप्टेंबर २०१६ मधे साऊंडक्लाउडवर, म्हणजे कोणीही गाणी टाकू शकतं अशा साइटवर, आली, फुकट, त्याने स्वतःच टाकलेली, आणि तीच टेप स्पॉटिफाय वगैरेवर रीतसर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. तोवर पीप जाऊन जवळजवळ तीन वर्षं झाली होती. एवढा उशीर का, तर सॅम्पल, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतले गिटारचे तुकडे उचलून त्यावर गायलेलं, साऊंडक्लाउडवर तेव्हा ते खपून जायचं, पण दुकानात मांडायचं म्हटलं की ज्याचा माल त्याला विचारावंच लागतं. जून २०१६ ची 'क्रायबेबी' पण अशीच २०२० ला आली, तिच्यातल्या एका गाण्यात तर चक्क ओएसिसच्या 'वंडरवॉल'ची गिटार आहे, आता ती काय लपणारे का.

म्हणून माइक कुठला घेऊ हे विचारायच्या आधी टेप कुठे टाकायचीय ते ठरवा. फक्त साऊंडक्लाउडवर मित्रांसाठी असेल तरी उचललेला तुकडा सापडला की गाणं उडू शकतं, आणि सगळीकडे टाकायची असेल तर दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा नकोच, विषय संपला. ७ सेकंदांपर्यंत चालतं हो, असं कोणीतरी कमेंटमधे लिहितं आणि सगळे तेच धरून बसतात, असा काही नियम नाहीये. रेकॉर्ड झालेल्या गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चालीचा आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा, सॅम्पल घेतलं की दोन्हीकडे परवानगी लागते. तीच गिटार स्वतः वाजवून घेतली तर मास्टरचा प्रश्न मिटतो पण चालीचा राहतोच.

आपल्याकडे यात एक गंमत आहे. तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, बिनधास्त घ्या, पण श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल आणि लताबाईंचं रेकॉर्डिंग ही दोन वेगळी मालमत्ता आहे, ती उचलता येत नाही. स्वतः चाल लावा, खाली ८०८ (रॅपमधला तो घुमणारा खोल बेस) टाका, कोणी काही म्हणणार नाही (घरचे म्हणतील, तो भाग वेगळा).

मग गिटार आणायची कुठून? ज्याला चार कॉर्ड येतात असा एक मित्र शोधा. साधी क्लीन गिटार, तारा एकेक करून छेडलेल्या, फोनवर रेकॉर्ड केली तरी चालते कारण या प्रकारात थोडा खरखरीत, लांबून आल्यासारखा आवाजच हवा असतो. ती अॅपमधे दोन-तीन सेमीटोन (सुराच्या छोट्या पायऱ्या) खाली ओढा, वरची चकाकी फिल्टरने कापा, रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा) द्या, चार बारचा, म्हणजे चार आवर्तनांचा, परत परत वाजणारा लूप करा. ८०८ त्याच स्केलमधे ट्यून करा, हे नव्वद टक्के पोरं विसरतात आणि मग बेस बेसूर का वाटतो म्हणून विचारत बसतात. टेम्पो मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास धरा आणि स्नेअर तिसऱ्या ठोक्यावर टाका, म्हणजे गाणं आपोआप निम्म्या वेगात झुलायला लागतं.

यूट्यूबवरचा टाइप बीट (कुठल्यातरी गायकाच्या स्टाइलमधे बनवून ठेवलेलं तयार संगीत) घेणार असाल तर "फ्री" वाचून उड्या मारू नका, ते बऱ्याचदा पैसे न कमवण्याच्या अटीवर फ्री असतं. लीज, म्हणजे पैसे देऊन बीट वापरायची परवानगी, घ्या, त्यात किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे ते वाचा, आणि लीजच्या बीटवर कंटेंट आयडी (यूट्यूबची, तुमचं गाणं दुसऱ्यांच्या व्हिडिओत शोधून हक्क सांगणारी यंत्रणा) चालू करू नका, कारण तोच बीट अजून पन्नास जणांनी घेतलेला असतो आणि तुम्ही त्या सगळ्यांच्या व्हिडिओवर दावा ठोकून मोकळे होता.

रेकॉर्डिंगचं फार टेन्शन नको. 'क्रायबेबी' साधारण १५० डॉलरच्या माइकवर झालीय. बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं अॅप फुकट आहे, फोनवर चालतं. पंखा बंद, खिडकी बंद, समोर आणि मागे गोधडी लटकवा, कुकरची वेळ टाळा. एक मुख्य टेक मधे, तेच परत गाऊन दोन डबल डावी-उजवीकडे कमी आवाजात, आणि मागे लांबवर एखादी ओरड. डबल म्हणजे कॉपी-पेस्ट नाही, खरंच परत गायचं. ऑटोट्यूनमधे (सूर आपोआप नीट करणाऱ्या इफेक्टमधे) गाण्याची की, म्हणजे पट्टी, नीट टाका, नाहीतर रोबोट रडल्यासारखं होतं.

मराठीत लिहिताना ओळीच्या शेवटी आ किंवा ई आला की सूर लांबवता येतो, "गेली", "माझा" मस्त ताणतात, "फक्त"वर ओळ संपवली की सूर तिथेच आपटतो. आणि लिहा स्वतःचं, एमपीएससीचा निकाल, हॉस्टेलची खोली, दोन निळ्या टिका आणि रिप्लाय नाही, एवढं पुरे आहे. झॅनॅक्सच्या गोळ्यांबद्दल (या गाण्यांत नशेसाठी सारख्या येतात) तर ओळी उसन्या आणूच नका, पीप २१ व्या वर्षी फेंटॅनिल हे जालीम ड्रग आणि त्याच गोळ्यांनी गेला. आणि लिहिता लिहिता आतून खरंच फार जड वाटायला लागलं तर गाणं बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता रिलीज. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर गुगलवरून उचललेला फोटो नको, सॅम्पलचाच न्याय. गाणी स्पॉटिफाय वगैरेवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे डिस्ट्रोकिडसारख्या ठिकाणी, वर्षाचे पैसे भरता, आणि ते भरणं थांबवलं की गाणी खाली येऊ शकतात, हे आधी लक्षात घ्या. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा, कारण स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं सुचवायचं तर किमान ७ दिवस आधी द्यावं लागतं आणि अख्ख्या टेपमधलं एकच गाणं देता येतं, सगळ्यात जोरात वाटतं ते नाही, पहिल्या दहा सेकंदांत तुमचं गाणं सुरू होतं ते द्या. वर्षभरात १००० स्ट्रीम झाले नाहीत तर तिथे त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत, सो घर चालेल वगैरे डोक्यातून काढा. गिटारवाल्या मित्राबरोबर टक्के किती ते आत्ताच लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

शेवटी वेव्ह फाइल्स, प्रोजेक्ट आणि बीटच्या लीजची पीडीएफ दोन ठिकाणी सेव्ह करा, कारण डिस्ट्रिब्युटरचा "हक्काचा पुरावा पाठवा" असा मेल कधीही येऊ शकतो, आणि तो स्पॅममधे पण जाऊन पडू शकतो.