मैत्रिणीसोबत घर सोडताना: कागद कोणत्या क्रमाने बदलावेत

सज्ञान स्त्रीने घर सोडणे हा गुन्हा नाही, संकटात 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत, आणि निघताना मूळ कागदपत्रे सोबत घ्यायची असतात, एवढे वाचणारीला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या काही आठवड्यांविषयी. घराबाहेर पडण्याची हिंमत कितीतरी जणी गोळा करतात. परंतु आधार, बँक आणि मोबाइल यांतले आधी काय बदलायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि मागावर असलेल्या माणसाला वाट सापडते ती नेमकी तिथेच.

आम्ही दोघी खानदेशातल्या, एकाच शाळेत शिकलेल्या. ती नवऱ्याच्या मारहाणीतून निघाली. मी अविवाहित, माझा पगार थोरला भाऊ काढून घेत असे आणि माझे एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असे. माझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे की 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. एका छताखाली राहणारी बहीण, आई किंवा विधवा सूनही त्याखाली अर्ज करू शकते, आणि स्वतःचे पैसे हिरावून घेतले जाणे हीदेखील त्या कायद्याच्या दृष्टीने हिंसाच आहे. इंदूर आम्ही निवडले, कारण बुऱ्हाणपूर-खंडव्यावरून बसने एका दिवसात पोहोचता येते, हिंदी दोघींनाही येत होती, आणि बाहेरगावच्या विद्यार्थिनींमुळे भंवरकुआँ, गीता भवन या भागांत एकट्या मुलीला खोली देताना कोणी भुवया उंचावत नाही.

घरचे लोक बेपत्ता असल्याची तक्रार देणार हे गृहीत धरा आणि त्यांच्याआधी तुमचे पत्र ठाण्यात पोहोचेल असे पाहा. आपण सज्ञान आहोत, स्वखुशीने जात आहोत, कोणी फूस लावलेली नाही, आणि सोबत काय काय नेत आहोत, एवढे त्यात असावे. नवा पत्ता मात्र नसावा. हे पत्र स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवावी, तेही वाटेतल्या एखाद्या गावाहून, कारण ते कुठल्या कार्यालयातून निघाले हे पावतीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येते. दागिन्यांची यादी करताना फोटो काढून ठेवा. चोरीचा आळ पहिल्यांदा सोबत गेलेल्या मैत्रिणीवर येतो आणि तिच्या बचावाला तीच यादी लागते. पोलिसांनी शोधून काढलेच तर घाबरू नका. मध्य प्रदेशात ते तुम्हाला ‘दस्तयाब’ दाखवतात, म्हणजे हरवलेली व्यक्ती सापडली अशी नोंद करतात, जबाब घेतात, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध घरी पाठवू शकत नाहीत. घरच्यांना माझा पत्ता देऊ नये, हे वाक्य जबाबात आग्रहाने लिहवून घ्या.

यापुढची गोष्ट मी मुद्दाम कठोरपणे सांगते. मैत्रीण अठरा वर्षांखालची असेल तर तिला सोबत नेऊ नका. तिची कितीही इच्छा असली, तिचे हाल कितीही खरे असले, तरी पालकांच्या ताब्यातून अल्पवयीन मुलीला नेणे हा अपहरणाचा गुन्हा ठरतो आणि तो तुमच्यावर लागतो. तिच्यासाठी 1098 या मुलांच्या मदतक्रमांकावर कळवा आणि तिची तक्रार नोंदेपर्यंत पाठपुरावा करा.

आता त्या सापळ्याविषयी, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या आधारला नवऱ्याचा, भावाचा किंवा वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. घरात राहताना त्याचे काही वाटत नाही. नवरा ओटीपी सांगतो, काम होते. इंदूरला आल्यावर वसतिगृहाने आणि नोकरी देणाऱ्याने स्थानिक पत्त्याचा पुरावा मागितला, म्हणून माझी मैत्रीण आधारवरचा पत्ता बदलायला एका केंद्रावर गेली. तिथल्या माणसाने विचारले, “मॅडम, सिर्फ पता बदलना है ना?” तिने मान डोलावली, अंगठा दिला, पावती घेतली. जोडलेल्या नंबराविषयी त्याने विचारले नाही आणि कोणत्याही फलकावर तसे लिहिलेले नव्हते. पत्ता बदलल्याचा संदेश तिच्या नवऱ्याच्या फोनवर गेला. आधार क्रमांक त्याच्याकडे होताच. ओटीपीही त्याच्याच फोनवर येणार होता. त्याने संकेतस्थळावरून नवे आधार उतरवून घेतले. वसतिगृहाच्या फाटकावर तो आला तेव्हा त्याच्या हातात तिच्या आधारची रंगीत छापील प्रत होती आणि त्यावर आमच्या इमारतीचे नाव, गल्ली, पिनकोड, सारे होते. चौकीदाराला त्याने तीच दाखवली आणि म्हणाला, “बघा, पत्नीच आहे माझी.”

अधीक्षिकाबाईंनी फाटक उघडले नाही, 112 ला फोन केला, आणि मैत्रिणीने त्याच संध्याकाळी ठाण्यात जबाब दिला. ती सुखरूप राहिली. पण ते वसतिगृह आम्हाला सोडावे लागले.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम स्वतःच्या नावावर नवे सिमकार्ड. ते अंगठ्याच्या पडताळणीवर मिळते, जुन्या नंबराची गरज लागत नाही. त्यानंतर आधारमध्ये केवळ मोबाइल नंबर बदला. केंद्रावर त्यासाठीही अंगठाच लागतो, कोणताही कागद लागत नाही आणि जुन्या नंबरावरचा ओटीपीही लागत नाही. मग थांबा. नवा नंबर नोंदला गेला याची खात्री स्वतः ओटीपी मागवून करून घ्या, आणि तो तुमच्या हातातल्या फोनवर आल्यावरच पत्त्याला हात लावा. शक्य असेल तर नंबर निघण्याच्या आधीच, शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रावर बदलून घ्यावा. मात्र अगदी शेवटच्या दिवसांत, कारण घरी ओटीपी येणे थांबले की शंका येते. डिजिलॉकर, गूगल खाते आणि व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणे हीसुद्धा त्याच दिवशी तपासा.

बँकेचेही असेच आहे. जुन्या खात्यातून इथे पैसे काढले की संदेश जुन्या नंबरावर जातो, आणि खाते संयुक्त असेल तर दुसरा खातेदार स्टेटमेंट काढून पैसे कुठे निघाले हे पाहू शकतो. त्यापेक्षा निघण्याआधी थोडी रोकड हाताशी ठेवावी आणि आधारचा नंबर बदलल्यावर दुसऱ्याच बँकेत नवे खाते उघडावे. त्या वेळी एक गोष्ट विसरू नका: आधारवर अजून जुना पत्ता असेल तर डेबिट कार्ड आणि चेकबुक पोस्टाने थेट त्या घरी जाते, आणि पाकिटावरून किंवा आतल्या कागदावरून शाखा कळते. सध्याचा पत्ता वेगळा असल्याचे बँकेला लिहून देता येते; ते द्या, आणि कार्ड शाखेतूनच हातात घ्या. मतदार ओळखपत्राची घाई मुळीच करू नका. मतदार यादी सार्वजनिक असते.

ही कामे एजंटाकडून करून घेऊ नका. थोडे पैसे घेऊन सगळे करून देतो म्हणणारे काही जण अर्जात स्वतःचाच नंबर घालतात, आणि मग एका माणसाच्या फोनमधून सुटून तुम्ही दुसऱ्याच्या फोनमध्ये अडकता. मार्गदर्शन करणाऱ्या ताईंविषयीही माझे मत स्पष्ट आहे. फोनवर तासभर समजावणारी, वर ‘जरा जुळवून घेतले असतेस’ असे सुचवणारी ताई कामाची नाही. जी तुमच्यासोबत बँकेच्या काउंटरवर येऊन उभी राहते, तिचे ऐका. आम्हाला अशी एक शेजारीण मिळाली आणि तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते.

राहण्याची सोय नसेल तर जिल्ह्याच्या वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे ‘सखी’ केंद्रात, साधारण पाच दिवसांपर्यंत आसरा मिळतो. तिथेच पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्याशी गाठ घालून देतात, आणि पुढे अधिक काळ राहण्यासाठी शक्ती सदनाचा मार्ग खुला असतो. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. मराठी माणसांचा आधार वाटेल म्हणून सुरुवातीलाच रामबाग किंवा लोकमान्य नगरात खोली शोधू नका, असे मी सांगेन. तिथली माणसे मायाळू आहेत. परंतु इंदूरचा मराठी समाज एकमेकांना चांगला ओळखतो, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हा प्रश्न दुसऱ्याच वाक्यात येतो, आणि एखाद्या लग्नात किंवा गणपतीच्या आरतीला तुमच्या आत्याची चुलत जाऊ भेटणे अगदी सहज घडते. कागद पक्के झाल्यावर खुशाल जा. मी आता तिकडेच राहते आणि मला ते फार आवडते.

कामाच्या बाबतीत ‘राहणे-खाणे आमच्याकडे’ असे म्हणणाऱ्या नोकरीपासून दूर राहा. नोकरी सुटली की छप्परही सुटते आणि हे मालकाला ठाऊक असते. परदेशीपुऱ्यातली तयार कपड्यांची शिलाई, शिकवणीवर्गांच्या मुलांचे डबे, दवाखान्यातले स्वागतकक्ष, टॅली येत असेल तर दुकानांचे हिशेब, अशी कामे मिळतात. सुरुवातीचा पगार कमी असतो. तो स्वतःच्या खात्यात येतो आहे ना, हे अधिक महत्त्वाचे.

दोघींमध्ये पैशांचा आणि निर्णयांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. जिला हिंदी अधिक सफाईने येते किंवा जिला आधी नोकरी लागते, ती नकळत घर चालवू लागते आणि दुसरी तिची परवानगी घेऊ लागते. आमच्यात हे घडू लागले तेव्हा आम्ही भाडेकरारावर दोघींची नावे घातली, खाती वेगळी ठेवली, आणि किराण्याची वही दाराजवळ टांगली. दोघींपैकी एकीला परत जावेसे वाटले तर तिला अडवू नका आणि तिचे कागद तिच्या हातात द्या. मात्र ती जाण्याआधी खोली बदला, कारण घरी गेल्यावर तिच्यावर दबाव येतो आणि त्या दबावाखाली तिने काही सांगितले तर त्याचा दोष तिला देता येत नाही.

न्यायालयासाठी गावी परत जावे लागेल ही भीती अनेक जणींना अर्ज करण्यापासून रोखते, आणि ती अनाठायी आहे. 2005 च्या कायद्याच्या कलम 27 नुसार तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि सासरच्या छळाची तक्रारही स्त्रीने जिथे आसरा घेतला तिथे देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले आहे. वकील विनामूल्य मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100 आहे आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अडचण एकच की अर्जाची नोटीस गेल्यावर तुमचे शहर समोरच्याला कळते. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे फार थांबण्यात नुकसान आहे. माझ्या मैत्रिणीने आधार, खाते आणि नवी खोली ही तिन्ही कामे उरकल्यावर, राहत्या जागी आणि कामाच्या ठिकाणी कल्पना देऊन मगच अर्ज केला, त्यात स्त्रीधन परत मिळण्याची मागणी घातली, आणि सुनावणी बंद दाराआड व्हावी अशी कलम 16 खालची विनंतीही जोडली. अर्जात राहण्याचा पत्ता कसा द्यावा हे वकिलाला अर्ज टंकलिखित होण्याआधी विचारा; एकदा तो दाखल झाला की त्याची प्रत समोरच्या पक्षाला मिळते.