साहेबांचे तास वेगळे, आपले वेगळे (नेत्याच्या किंवा सीईओच्या ऑफिसात नवीन लागलेल्यांसाठी)

नोट कशी काढायची, कॅलेंडर कसं सांभाळायचं हे तुम्हाला येतच असणार, नाहीतर घेतलंच नसतं, त्यामुळे ते सोडतो. मला बोलायचंय तासांबद्दल, कारण या लाईनमध्ये चांगली चांगली पोरं तिथेच मोडतात, आणि मी स्वतः पूर्ण सावरलोय असंही नाही, अजून रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो.

रुजू झाल्यापासून एकच ऐकायला मिळतं, साहेब किती राबतात. अठरा तास काम, चार तास झोप, सुट्टी माहीतच नाही. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थॅचरबाईंच्या चार तासांच्या झोपेची गोष्ट तर कोणीतरी सांगतोच. मग वाटायला लागतं की इथे टिकायचं तर आपणही तेवढंच बसलं पाहिजे.

आता मोजलेला आकडा बघा. हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ सीईओंचा वेळ प्रत्येकी १३ आठवडे नोंदवून घेतला, २०१८ मध्ये ते छापून आलं. सरासरी आली आठवड्याला ६२.५ तास काम, रोजची झोप जवळपास सात तास. म्हणजे काम भरपूर आहे, मजा नाहीये, पण दंतकथेतले अठरा तासही नाहीत. आणि कामाच्या वेळातला ७२ टक्के वेळ मीटिंगांमध्ये.

गोम इथेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. साहेबांचा एक तास म्हणजे खोलीत बसणं, ऐकणं, दोन प्रश्न विचारणं, हो किंवा नाही म्हणणं. ते सोपं नाही, ती जबाबदारी आपण घेऊच शकत नाही. पण त्या एका तासाच्या आधी आकडे तुम्ही गोळा केलेले असतात, नोट तुम्ही लिहिलेली असते, आणि नंतर कोणाला काय कळवायचं ते परत तुमच्याच गळ्यात. म्हणजे ते आले तेव्हा आलात आणि ते गेले तेव्हा गेलात तर तुम्ही त्यांचा दिवस अख्खा भरलात आणि तुमचं काम अजून सुरूच व्हायचंय. ते मग रात्री होतं, रात्री केलेल्या नोटमध्ये चूक राहते, आणि चुकीवर कोणी म्हणत नाही की पोरगं दमलं होतं.

शिवाय वेळ कोणाच्या हातात आहे ते बघा. चर्चिल युद्धाच्या काळातही दुपारी रीतसर अंथरुणात झोपायचे आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत बैठका घ्यायचे. त्यांचे लष्करप्रमुख ॲलन ब्रूक यांनी त्या जागरणांबद्दल डायरीत वैताग लिहून ठेवलाय, कारण दुपारची झोप फक्त पंतप्रधानांची होती, सकाळचं काम मात्र सगळ्यांचं. तर साहेब रात्री एकला फ्रेश दिसले की आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजू नका, दुपारी ते कुठे होते ते आधी बघा.

मग नेत्याने किती काम करावं? माझं मत विचाराल तर, निर्णय शाबूत राहील तेवढंच. ब्रिटनच्या लॉईड्स बँकेचे तेव्हाचे प्रमुख आंतोनियो होर्ता-ओसोरियो २०११ च्या नोव्हेंबरमध्ये झोपच लागेना म्हणून रजेवर गेले, जानेवारीत परत आले आणि थेट आपल्याकडे रिपोर्ट करणाऱ्यांची संख्या कमी केली. बँक काही बुडाली नाही. जो माणूस प्रत्येक फाईल स्वतः बघतो त्याला लोक मेहनती म्हणतात, मला तो खालच्यांवर विश्वास न टाकणारा वाटतो, आणि त्याचा अकराचा एक मेसेज दहा जणांची रात्र खातो.

घाबरवायचं नाहीये, पण डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त दिसला. निवडणुकीचे किंवा रिझल्टचे दिवस असतील तेव्हा तास वाढणारच, त्याला इलाज नाही. वर्षभर तेच चाललं तर मात्र गडबड आहे. पहाटे चारला उठायचे कोर्स विकणारे आणि ‘आमच्या वेळी आम्ही ऑफिसातच झोपायचो’ म्हणणारे मेंटॉर, दोघांनाही लांबून नमस्कार करा. चांगला मेंटॉर कुठला मेसेज सकाळपर्यंत थांबू शकतो ते दाखवतो, बास, तेवढंच शिकायचं असतं आणि ते शिकवणारे फार कमी भेटतात.

अजून जॉइन झाला नसाल तर इंटरव्ह्यूत ‘किती तास काम असतं’ असं विचारू नका, उत्तर गोडच येणार. साहेब रजेवर असतात तेव्हा सही कोण करतं, ते विचारा. ‘साहेब रजा घेतच नाहीत’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर दुसरी ऑफर हातची सोडू नका.