खानदेशच्या उन्हाळ्यात तंबोरा जपताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तंबोऱ्याला खरा धोका असतो तो याच दिवसांत. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात, सांध्याला चीर जाते. माझ्या तंबोऱ्याला गेलेली चीर केसाएवढीच होती, पण आवाजात लगेच खरखर आली. म्हणून पत्र्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर किंवा दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीशी तो ठेवू नका. कूलरसमोर तर नकोच नको! दिवसभर ओला झोत, बंद केला की पुन्हा कोरडी हवा. हे फुगणं-आकसणं लाकडाला सोसत नाही. आतल्या खोलीत, सुती गवसणी घालून, जाड गोधडीवर आडवा ठेवा. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा दोन-तीन सूर उतरवा. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जागची हलते. खुंटी घसरत असेल तर तेल मुळीच लावू नका, थोडा खडू घासा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. घामाने पोलादी तार गंजते, पितळी काळी पडते. पावसाळ्यात मात्र गवसणी अधूनमधून काढून वारा लागू द्या.