रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून

बाप्तिस्मा झालेल्या आणि वयाची 7 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक कॅथलिकाला रविवारची मिस्सा, म्हणजे धर्मगुरू चालवतात ती मुख्य उपासना, बंधनकारक आहे. हेतुपुरस्सर चुकवणे हे गंभीर पाप. मात्र नियम वाटतो तेवढा ताठर नाही.

मिस्सा आपल्याच चर्चमध्ये ऐकायला हवी असे नाही. कोणत्याही कॅथलिक उपासना-पद्धतीतली, कुठल्याही भाषेतली चालते. वेळ शनिवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेत, 'संध्याकाळ' एवढेच म्हटले आहे, तास दिलेला नाही. बरेच जाणकार दुपारी 4 नंतरची मिस्सा धरतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी लग्नाची मिस्सा असली, तरी रविवारचे बंधन पुरे होते. दुपारी 2 च्या मिस्सेवर मात्र विसंबू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नाताळ रविवारला लागून आला की. 2028 मध्ये 25 डिसेंबरला सोमवार आहे. रविवारी रात्रीची एकच मिस्सा ऐकून रविवार आणि नाताळ दोन्ही भागत नाहीत. बंधने दोन, तर मिस्साही दोन. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी एक, आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी दुसरी. दोन्ही रविवारीच, सकाळी एक आणि रात्री एक, ऐकल्या तरी चालते.

टीव्हीवरची किंवा मोबाईलवरची मिस्सा आजाऱ्याला आधार देते, पण तिने बंधन पुरे होत नाही. अर्थात आजाऱ्यावर बंधनच नसते. तान्हे बाळ किंवा रुग्ण सांभाळणाऱ्यालाही तशीच सूट आहे. त्यासाठी कुणाची परवानगी काढावी लागत नाही. प्रवास, कामाची पाळी अशी कारणे असतील आणि ती पुरेशी आहेत का याची शंका असेल, तर आधीच आपल्या पॅरिशच्या (स्थानिक धर्मग्रामाच्या) मुख्य फादरांना विचारा. योग्य कारण असेल तर ते सूट देऊ शकतात, किंवा त्याऐवजी दुसरे एखादे भक्तिकार्य सांगू शकतात. नंतर पापनिवेदन करू, या हिशेबाने मिस्सा टाळणे म्हणजे परवानगी नव्हे.

कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेतले नाही तरी बंधन पुरे होते. घ्यायचे असेल तर त्याआधी 1 तास काही खाऊ-पिऊ नये. पाणी आणि औषध चालते. हा तास कम्युनियनपासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे.

धर्मगुरूच मिळत नसेल, तर चर्चमधल्या शब्दविधीला (बायबलवाचन आणि प्रार्थनेच्या उपासनेला) जावे, नाहीतर घरच्यांसोबत प्रार्थना करावी. ही शिफारस आहे, सक्ती नाही.